फूस कोणी लावली?

मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानावर एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे छापले जाते: "अल्पवयीन मुलीस अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले." हे वाक्य वार्ताहराचे नसते, ते पोलिस ठाण्यातील फिर्यादीतून उचललेले असते. महाराष्ट्राबाहेर हिंदी प्रांतांत राहणाऱ्या वाचकांनी हेच वाक्य 'बहला-फुसलाकर भगा ले गया' या रूपात वाचले असेल. इसम अज्ञात आहे, पण त्याने फूस लावली हे मात्र पोलिसांना पहिल्याच दिवशी ज्ञात असते. वाचणाऱ्याला यात विसंगती जाणवत नाही इतके ते वाक्य अंगवळणी पडले आहे. परंतु पुढे खटला उभा राहतो, शिक्षा होते आणि अपील वरच्या न्यायालयात जाते, तेव्हा सारा निकाल याच एका शब्दावर येऊन ठेपतो. फूस लावली होती का, आणि लावली असल्यास कोणी?

या प्रश्नाचा विचार करताना आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३६१ प्रमाणे, अल्पवयीन व्यक्तीला तिच्या कायदेशीर पालकाच्या रखवालीतून, पालकाच्या संमतीवाचून जो घेऊन जाईल किंवा भुलवून नेईल, तो अपनयनाचा अपराध करतो. मूळ कायद्यात वयाची मर्यादा मुलग्यासाठी १४ व मुलीसाठी १६ वर्षे होती. १९४९ च्या दुरुस्तीने ती अनुक्रमे १६ व १८ झाली. कलम ३६३ खाली शिक्षा सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १३७ या दोन्ही कलमांच्या जागी आले. त्यात मुलगा व मुलगी हा भेद काढून दोघांसाठी १८ वर्षे ही एकच मर्यादा ठेवली आहे. अपराधाचा गाभा मात्र तोच राहिला.

या व्याख्येत बळजबरीची अट नाही. वाईट हेतूची अट नाही. मुलीची संमती असली तरी ती विचारात घेतली जात नाही. संमती हवी ती पालकाची. म्हणजे हा अपराध तांत्रिकदृष्ट्या मुलीविरुद्ध नसून पालकाच्या ताब्याविरुद्ध आहे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने मला येथे त्याच संहितेतील चोरीच्या व्याख्येची आठवण होते. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून, जंगम वस्तू हलवणे. दोन्ही व्याख्यांची घडण पुष्कळशी सारखी आहे. फरक एवढाच की वस्तू स्वतःच्या पायांनी चालत नाही आणि सतरा वर्षांची मुलगी चालते. कायद्याची सारी अडचण या फरकातून निर्माण होते.

ही अडचण सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकेपणाने आली ती मद्रासच्या एका अपिलात. कायद्याच्या पुस्तकांत हा निवाडा अपीलकर्त्याच्या नावाने ओळखला जातो. मी येथे दोघांचीही नावे देत नाही, कारण ती खाजगी माणसे होती आणि आपल्याला प्रयोजन आहे ते तत्त्वाशी. हकीकत अशी. १९६० साली मद्रासमध्ये एका सरकारी अधिकाऱ्याची मुलगी महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकत होती. शेजारच्या घरातील तरुणाशी तिची ओळख झाली. बहिणीने दोघांना बोलताना पाहिले. मुलीने त्याच्याशी लग्न करण्याचा मनोदय सांगितला आणि गोष्ट वडिलांपर्यंत गेली. वडिलांनी तिला दूर, एका नातेवाइकाच्या घरी नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी, १ ऑक्टोबर १९६० रोजी, सकाळी ती त्या घरातून एकटी बाहेर पडली, तिने त्या तरुणाला दूरध्वनी केला आणि अमुक रस्त्यावर भेटायला ये असे सांगितले. तो मोटार घेऊन आला. दोघे निबंधकाच्या कार्यालयात गेले, तेथे विवाहाचा करारनामा नोंदवला, आणि नंतर गावोगाव फिरत असता पोलिसांना ती तंजावर येथे सापडली. त्या दिवशी मुलीला अठरा वर्षे पूर्ण होण्यास सुमारे सहा आठवडे कमी होते.

दंडाधिकाऱ्यांनी तरुणाला कलम ३६३ खाली एक वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. मद्रास उच्च न्यायालयाने ती कायम केली. ९ सप्टेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील मंजूर करून त्याची निर्दोष मुक्तता केली. निकालपत्र लिहिले होते न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी. मराठी वाचकांना हे नाव परके वाटू नये. १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष, अमरावतीचे रावबहादूर मुधोळकर यांचे ते चिरंजीव.

या निकालपत्राचे महत्त्व असे की त्याने मुलीच्या संमतीचा आधार घेतलाच नाही. तो घेतला असता तर कायद्याची अक्षरेच मोडली असती. न्यायमूर्तींनी त्याच्या आधीचा प्रश्न विचारला. 'घेऊन जाणे' म्हणजे काय? अल्पवयीन व्यक्तीला घेऊन जाणे आणि अल्पवयीन व्यक्तीला आपल्याबरोबर येऊ देणे, या दोन गोष्टी एक आहेत का? त्यांचे उत्तर असे की त्या एक नव्हेत. आपण काय करत आहोत याची पूर्ण जाण असलेली मुलगी आपण होऊन घर सोडते आणि आरोपीकडे येते, तेव्हा त्याने 'नेले' असे म्हणण्यासाठी आणखी काही तरी सिद्ध व्हावे लागते. घर सोडण्याचा तिचा निश्चय घडवण्यात त्याचा हात होता, त्याने प्रलोभन दाखवले होते किंवा आग्रह केला होता, असा पुरावा हवा. तो आग्रह अगदी शेवटच्या क्षणी नसून आधी केव्हातरी केलेला असला तरी चालेल. पण तसा पुरावा नसेल, तर ती आल्यानंतर त्याने तिला परत पाठवले नाही किंवा बरोबर फिरवले, एवढ्याने अपनयन होत नाही. तिच्याच निश्चयाच्या पूर्ततेला त्याने साहाय्य केले, एवढेच फार तर म्हणता येते.

त्या काळच्या विवाह कायद्याकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वधूचे किमान वय १५ वर्षे होते. पंधरा ते अठरा या वयातील वधूला पालकाची संमती लागे. ते वय १८ झाले १९७८ च्या दुरुस्तीने. म्हणजे १९६० साली वडिलांनी मनावर घेतले असते तर याच मुलीचे लग्न दोन वर्षांपूर्वीही कायदेशीरपणे लावता आले असते. वडिलांची इच्छा असेल तर ती संसाराला योग्य, आणि तिची स्वतःची इच्छा असेल तर ती इतकी अजाण की तिच्या पावलांची जबाबदारीही दुसऱ्याची. कायद्याची ही दोन विधाने एकत्र नांदत होती.

मात्र या निवाड्याचा अर्थ कोणी 'मुलगी आपण होऊन आली म्हणाली की सुटका' असा लावील, तर ती मोठी चूक होईल. हरियाणा राज्याने केलेल्या एका अपिलात मुलगी चौदा वर्षांची होती. आरोपी हा दुसऱ्या माणसासाठी निरोप पोचवणारा मध्यस्थ होता. त्याने मुलीला तिच्या बापाचे घर सोडण्यास प्रवृत्त केले होते. उच्च न्यायालयाने त्याला सोडले होते, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. आरोपीच्या समजावणीने मुलीच्या मनात जाण्याची तयारी निर्माण झाली असेल, तर तेवढे पुरेसे आहे, बळ किंवा फसवणूक दाखवण्याची गरज नाही, असे तेथे ठरले. १९७३ साली गुजरातच्या एका खटल्यात, दीर्घकाळ भेटवस्तू देऊन मुलीला जवळ केलेल्या प्रौढ व्यावसायिकाची अपनयनाबद्दलची शिक्षा न्यायालयाने कायम केली. मद्रासच्या तत्त्वाशी या दोन्ही निवाड्यांचा विरोध नाही. प्रश्न तोच आहे, पुराव्यानुसार उत्तर वेगळे आले.

आणि हा सावधपणा हवाच. झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगाल, आसाम येथून महानगरांत घरकामासाठी आणल्या जाणाऱ्या मुली रेल्वे स्थानकावर अडवल्या, तर पुष्कळदा 'मी माझ्या मर्जीने आले' असेच सांगतात. कारण त्यांना तसे पढवलेले असते, किंवा त्यांना खरोखरच तसे वाटत असते. नोकरी, पगार, शहर यांची स्वप्ने कोणीतरी गावात येऊन विकलेली असतात. अशा ठिकाणी पालकाच्या रखवालीचा हा जुना कायदा मुलीचे रक्षण करतो. त्याची धार बोथट करावी असे मला मुळीच वाटत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की गावातून मुली उचलणारा दलाल आणि सतराव्या वर्षी प्रेमात पडलेल्या मुलीचा एकोणीस वर्षांचा मित्र, हे दोघे एकाच कलमाखाली, एकाच वाक्यात, एकाच प्रकारच्या तपासाने न्यायालयापुढे उभे केले जातात. त्यांतला फरक शोधण्याचे काम तपास यंत्रणा करत नाही. ते काम अपिलावर ढकलले जाते.

मद्रासच्या तरुणाला तो फरक मान्य करून घेण्यास चार वर्षे लागली. शिक्षा एका वर्षाची होती. शिक्षेपेक्षा अपील लांबले की अपिलाचे यशही कागदावरचेच राहण्याचा धोका असतो. वरच्या न्यायालयाने शिक्षा स्थगित केली नाही तर माणूस तुरुंग भोगून बाहेर येतो आणि मग निर्दोष ठरतो. ज्याच्याजवळ वकिलाला देण्यास पैसे नाहीत त्याच्या बाबतीत हे अधिक खरे.

१९६४ नंतर कायद्याची भूमी मात्र पालटली आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून जुन्या निवाड्याची स्तुती करणे अपुरे ठरेल. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीशी कोणताही शरीरसंबंध हा अपराध ठरवला. २०१३ च्या दुरुस्तीने दंड संहितेतही संमतीचे वय १६ वरून १८ झाले. २०१९ पासून पॉक्सोच्या कलम ६ खाली किमान शिक्षा २० वर्षे आहे, आणि किमान म्हटल्यावर न्यायाधीशाला तारतम्य वापरण्यास जागा उरत नाही. आज मद्रासची तीच हकीकत घडली, तर अपनयनाच्या आरोपातून तरुण कदाचित सुटेल, पण त्या मागोमाग उभा असलेला मोठा आरोप त्याला सोडणार नाही.

पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात नेमके हेच झाले. मुलगी घटनेच्या वेळी चौदा वर्षांची होती. विशेष न्यायालयाने तरुणाला शिक्षा दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने अपिलात त्याला सोडले, आणि सोडताना किशोरवयीन मुलींनी कसे वागावे याविषयी असे काही भाष्य केले की सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने २० ऑगस्ट २०२४ रोजी पॉक्सोखालील दोषसिद्धी पुन्हा कायम केली, परंतु अपनयनाच्या कलमांखालील मुक्तता तशीच ठेवली. पुढे न्यायालयाने एका तज्ज्ञ समितीमार्फत त्या मुलीची स्थिती जाणून घेतली. ती आता सज्ञान होती, त्याच माणसाबरोबर संसार करत होती, तिला मूल होते. समितीला आढळले ते असे की तिला जो खरा त्रास झाला तो त्या मूळ घटनेपेक्षा नंतरच्या पोलिस-कोर्टाच्या फेऱ्यांचा आणि नवऱ्याला सोडवण्याच्या धडपडीचा होता. २३ मे २०२५ रोजी न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद १४२ चा वापर करून, दोषसिद्धी ठेवूनही, शिक्षा भोगायला न लावण्याचा निर्णय दिला आणि समाज, कुटुंब व न्यायव्यवस्था या तिघांनीही तिला अंतर दिल्याचे नमूद केले.

चौदा हे वय कोवळे आहे, आणि त्या वयात घडले ते योग्य होते असे कोणीही म्हणणार नाही, न्यायालयानेही म्हटले नाही. पण अनुच्छेद १४२ हा देशातील एकाच न्यायालयाच्या हाती असलेला अपवादात्मक अधिकार आहे. जिल्ह्याच्या विशेष न्यायाधीशाकडे तो नाही. जो विवेक दाखवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला घटनेच्या असाधारण तरतुदीपर्यंत जावे लागते, तो खालच्या न्यायाधीशाने रोज कुठून आणावा?

आता प्रशासनाच्या बाजूकडे वळतो. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता मुलांविषयी आदेश दिला की प्रत्येक तक्रारीची नोंद प्रथम खबर म्हणून व्हावी आणि अपहरण किंवा मानवी व्यापार झाला असावा असे प्रथमदर्शनी गृहीत धरावे. हा आदेश अत्यंत योग्य होता. पहिले काही तास दवडले तर मूल सापडत नाही, आणि 'गेली असेल कुठे तरी, येईल' हे ठाणेदाराचे उत्तर कित्येक गरीब आईबापांनी ऐकले आहे. पण हे गृहीतक शोध घेण्यासाठी होते, दोषारोपासाठी नव्हते. व्यवहारात शोधासाठीचे गृहीतक दोषारोपपत्रात उतरते आणि तेथून साक्षीदाराच्या तोंडी जाते.

आकडेवारीचेही तेच. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या २०२२ च्या अहवालात मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची १,६२,४४९ प्रकरणे आहेत, आणि त्यांपैकी ४५.७ टक्के अपनयन व अपहरण या सदरात मोडतात. आतल्या तक्त्यांत हेतूप्रमाणे काही फोड दिलेली असते, पण बैठकीत आणि सभागृहात वर येतो तो एकूण आकडा. या एका सदरात खंडणीसाठी पळवलेले मूल आहे, विकलेली मुलगी आहे, मार खाऊन घरातून निघून गेलेला मुलगा आहे आणि लग्नासाठी पळालेली सतरा वर्षांची तरुणीही आहे. निरनिराळ्या मालाची बेरीज करून सरासरी काढली तर बाजाराविषयी काहीच कळत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. येथे आपण तेच करतो आणि त्या बेरजेवर धोरण ठरवतो.

वयाचा प्रश्न आणखी वेगळा. अठरा या रेषेवर वीस वर्षांची कैद टांगलेली असताना, ती रेषा ज्या कागदावर ओढली जाते तो कागद कसा असतो? २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच अस्थिचाचणी. आता महाराष्ट्रातील आपल्या पिढीची माणसे आठवा. किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो! शाळा जूनमध्ये सुरू होत आणि गुरुजी प्रवेशाच्या हिशेबाने तारीख लिहून मोकळे होत. उत्तरेत १ जुलै किंवा १ जानेवारीचे असेच आहे. अस्थिचाचणीत दोन्ही बाजूंनी दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच म्हटले आहे. सहा आठवड्यांच्या फरकावर जेथे खटला उभा राहतो, तेथे गुरुजींच्या सोयीने लिहिलेली तारीख निर्णायक ठरू शकते.

मला सुचणारे उपाय साधे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना कायद्यात बदल करण्याची गरज नाही. पहिला, फिर्याद नोंदवताना 'फूस लावून' हे शब्द फिर्यादीने स्वतः त्याचे कारण सांगितल्याशिवाय लिहू नयेत. 'घरातून बेपत्ता आहे' एवढे लिहिल्याने शोधात काडीचाही खंड पडत नाही. दुसरा, दोषारोपपत्राआधी तपास अधिकाऱ्याने चार गोष्टींची लेखी उत्तरे द्यावीत: जाण्याची गोष्ट प्रथम कोणी काढली, कोणते आमिष वा आश्वासन दिले गेले, ती घरातून एकटी निघाली की कोणी घेऊन गेले, आणि पैसा किंवा तिसरा माणूस यात कोठे आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल तर तपासाची सारी शक्ती तिकडे लावावी. तिसरा, मुलीचा दंडाधिकाऱ्यासमोरील जबाब, जो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होतो, तो आईबाप किंवा आरोपीचे नातेवाईक यांच्या सावलीत होऊ नये. चौथा, शाळेच्या दाखल्यामागे प्रवेश नोंदवहीचा मूळ आधार काय होता हे तपासावे. पाचवा, वर्षाअखेरीची आकडेवारी तपासानंतर निष्पन्न झालेल्या प्रकारानुसार पुन्हा लावावी.

कायद्यात बदल सुचवायचाच तर संमतीचे वय सरसकट खाली आणावे असे मी म्हणणार नाही. केंद्र सरकारने २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे त्याला विरोध नोंदवला आहे, आणि बालविवाह व मानवी व्यापार यांविषयीची त्यामागची भीती खोटी नाही. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात मधला मार्ग दाखवला आहे. वय अठराच ठेवावे, परंतु सोळा ते अठरा या वयोगटात मुलीची मूक का होईना संमती दिसत असेल तेथे न्यायाधीशाला शिक्षेबाबत मर्यादित विवेकाधिकार असावा. तो मार्ग मला पटतो. हे माझे वैयक्तिक मत आहे, सरकारचे नव्हे.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो बहुधा मुलींच्या वडिलांकडून येतो. 'तुम्ही पळून जाण्याला उत्तेजन देता. उद्या तुमची मुलगी गेली तर?' या प्रश्नातील व्यथा खरी आहे. सतरा वर्षे वाढवलेले मूल एका सकाळी निघून जाते तेव्हा आईबापांवर काय ओढवते ते सांगण्याची गरज नाही. परंतु फौजदारी कायदा हे त्या व्यथेवरचे औषध नाही. दोन्ही घरे एकाच जातीची असली तर प्रकरण पुष्कळदा पंचांसमक्ष मिटते आणि निराळ्या जातीची असली तर ठाण्यात जाते, हे ज्यांनी जिल्ह्यात काम केले आहे त्यांना माहीत आहे. म्हणजे कायद्याचे हत्यार मुलीच्या वयाकडे पाहून नव्हे, तर मुलाच्या आडनावाकडे पाहून उपसले जाते. राज्यसंस्थेने आपली पोलिस यंत्रणा त्या कामासाठी उसनी देऊ नये.

न्या. मुधोळकरांनी साठ वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न अवघड नव्हता. मुलगी घर सोडून निघाली तो निश्चय कोणाचा? चौदा वर्षांच्या मुलीबाबत त्याचे उत्तर बहुतेक वेळा एक येईल आणि साडेसतरा वर्षांच्या मुलीबाबत दुसरे. दलाल असेल तेथे तिसरे येईल. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात विचारला जातो, याबद्दल आपण समाधान मानतो. मला मात्र वाटते, तो पोलिस ठाण्यात, पहिल्या आठवड्यात, एका सहायक निरीक्षकाने आपल्या वहीत लिहून विचारायला हवा.